बूड बदलावे की घंगाळ?

आमच्या घरी गेल्या दिवाळीपासून एक वाद चालू होता, आणि तो एका घंगाळाविषयी होता. साहित्याच्या अभ्यासकांपुढे घंगाळाचे काय काम, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. प्रारंभी मलाही तसेच वाटले होते. तथापि, वर्गात ज्या प्रश्नावर मी गेली वीस वर्षे बोलत आलो तोच प्रश्न न्हाणीघरात पाण्याचा ओघळ होऊन माझ्या पायाखाली आला आहे, हे हळूहळू ध्यानात येत गेले.

घंगाळ आता अनेकांनी पाहिलेले नसते, म्हणून थोडे वर्णन करतो. तांब्याचे, रुंद तोंडाचे, काठाशी दोन्ही बाजूंना कड्या असलेले हे भांडे. बंबातले कढत पाणी त्यात काढायचे, वरून विसण घालायचे, आणि पाटावर बसून तांब्याने अंगावर घ्यायचे. (विसण हा शब्द मी वर्गात उच्चारला तेव्हा साठांपैकी चौघांना तो ठाऊक होता. नळातच गरम आणि गार एकत्र होऊन येणाऱ्या घरात हा शब्द राहणार तरी कुठे?) आमचे घंगाळ शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरात चार पिढ्या वापरात आहे. २०१९ च्या पुरात पंचगंगेचे पाणी न्हाणीत शिरले तेव्हा ते तरंगत दारापर्यंत गेले आणि दगडी उंबऱ्यावर आपटले. तेव्हाचा पोचा अजून आहे. गळती मात्र अलीकडची.

घरातल्या आत्याचे वय चौऱ्याऐंशी. घंगाळातून आंघोळ करणारी आता ती एकटीच. न्हाणीघर नव्याने बांधायचे ठरले तेव्हा गवंड्याने सांगितले, की हे सगळे काढून टाका, शॉवर बसवा. हौस असेल तर फायबरचा टबही बसतो. भांड्यांच्या दुकानदाराने घंगाळ तागडीत घातले, साडेसहा किलो भरले, आणि घट वजा करून मोडीचा आकडा कागदावर लिहून दिला. मुलीचे म्हणणे निराळे. तिला ते घासून, लखलखीत करून, वर पारदर्शक लॅकर चढवून दिवाणखान्यात ठेवायचे होते. त्यात पाणी आणि फुलांच्या पाकळ्या. आत्या कोल्हापुरी बाईच्या रिवाजाप्रमाणे पुल्लिंगात बोलते. ती म्हणाली, "मी मेलो की काय मोडायचं ते मोडा. तोवर मला त्यातच न्हाऊ द्या."

मी ते भांडे घेऊन तांबटाकडे गेलो. कोल्हापुरात रंकाळ्याकाठी तांबट कमान हे नाव आहे. त्या नावाचा धंदा मात्र आता शोधावा लागतो. माझ्या तांबटाने घंगाळ उलटे केले, बोटाच्या पेराने ठोकत सगळीकडून फिरवले आणि आवाज ऐकला. मग म्हणाला, "सर, काठ अजून दोन पिढ्या जातोय. बूड गेलंय. वरनं डाख लावून देऊ, का बूडच बदलू?"

हा प्रश्न फार नेमका आहे, आणि तो नेमका का आहे हे समजण्यासाठी भांडे कसे घडते ते पाहावे लागते. तांब्याचा पत्रा ठोकला की कठीण होत जातो. तसाच ठोकत राहिले तर तडकतो, म्हणून मधूनमधून तापवून तो मऊ करून घ्यावा लागतो. शेवटी लहान हातोडीने सगळ्या अंगावर जवळजवळ ठोके देतात. पुण्याच्या तांबट आळीत याला मठारकाम म्हणतात. ते ठोके आज आपल्याला नक्षी वाटतात; मुळात ते पत्र्याला बळ देण्यासाठी असतात. आमच्या घंगाळाचे बूड निराळ्या पत्र्याचे आहे. त्याच्या कडेला दाते कापून ते अंगाच्या दात्यांत अडकवले आहेत आणि सांधा झाळला आहे. आता चार पिढ्या या भांड्याला चिंच, राख आणि विटकरीची पूड लागत आली. चिंचेचे आम्ल काळपट थर विरघळवते, विटकर उरलेले खरवडते, आणि प्रत्येक वेळी तांब्याचा अदृश्य असा एक पापुद्रा मोरीतून वाहून जातो. म्हणजे ज्या घासण्याने ते चकचकीत राहिले त्याच घासण्याने ते झिजले. शहाबादी फरशीवरून ओढले गेल्याने बूड आणखी पातळ झाले. डाख लावला असता तर वर्ष-दोन वर्षे निघाली असती, मग शेजारी दुसरे छिद्र पडले असते. जिथे पत्राच उरला नाही तिथे डाख धरणार कशाला?

याच सुमारास अमेरिकेतून आत्याच्या मुलाचा फोन आला. त्याने घेतलेल्या जुन्या घरात बिडाचा, पायांवर उभा असलेला टब आहे, आणि त्याची पांढरी लकाकी उडाली आहे. त्याच्यापुढेही हाच पेच होता. त्याने सांगितले ते ऐकण्यासारखे होते. अशा टबावरचे मूळ एनॅमल कारखान्यात आठशे अंशांच्या आसपास भाजून बिडाशी एकजीव केलेले असते. घरी येऊन जे पुन्हा चढवतात ते एनॅमल नसते; ती रंगाची एक जात असते, थंड, वरवरची. काही वर्षे छान दिसते, मग कडेने सोलपटते. बदलायचा म्हटले तर तो टब दीडशे किलोंच्या घरातला; दारातून अखंड निघत नाही, म्हणून घणाने फोडून तुकड्या-तुकड्यांनी बाहेर काढतात. "फोडायला जीव होत नाही आणि रंगवायला मन होत नाही," असे तो म्हणाला. मराठी माणूस परदेशी गेला तरी पेच बरोबर घेऊन जातो, हे खरे!

त्याच्या बोलण्यातून मला एक भेद स्पष्ट झाला. दुरुस्ती दोन जातींची असते. एक लेपाची, दुसरी बुडाची. लेप झीज झाकतो. बूड बदलणारा झीज कबूल करतो, तेवढा भाग कापून काढतो आणि तिथे आपल्या काळाचा पत्रा जोडतो. आपल्याकडे जीर्णोद्धार हा एकच शब्द दोन्हींना वापरला जातो, आणि बरेच घोटाळे तिथून सुरू होतात.

कोल्हापूरकराला या ठिकाणी अंबाबाईची मूर्ती आठवणारच. तो विषय श्रद्धेचा आहे आणि मी त्यात अधिकाराने बोलू शकत नाही. पण झीजेच्या प्रश्नाचे इतके बोलके उदाहरण दुसरे नाही. शतकानुशतकांच्या अभिषेकांनी, म्हणजे स्नानानेच, मूर्ती झिजली. १९५५ मध्ये वज्रलेप झाला. पुढे मूळ मूर्तीवरचे अभिषेक थांबवून ते उत्सवमूर्तीवर होऊ लागले. २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी रासायनिक संवर्धन केले आणि त्यानंतर मस्तकावरचा नाग दिसत नाही म्हणून मोठा वाद झाला. २०२४ मध्ये पुन्हा संवर्धनाचे काम करावे लागले. भंगलेली मूर्ती बदलावी असे म्हणणारा शास्त्रपक्ष एकीकडे, आणि याच मूर्तीपुढे आमच्या आजीने हात जोडले होते असे म्हणणारा भक्तपक्ष दुसरीकडे. वज्रलेपाची कृती वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्ची कवठे, सावरीची फुले असे पदार्थ उकळून आटवायला सांगितले आहेत आणि तो लेप कल्पनातीत काळ टिकतो असे आश्वासनही दिले आहे. आश्वासनाचे काय झाले ते आपण पाहतोच. पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती अभिषेक उत्सवमूर्तीकडे वळवण्याची गोष्ट. लेप कोणता हा प्रश्न मागाहूनचा. झीज कशाने होते आहे हे आधी विचारावे लागते. हा विचार ज्याला सुचला त्याने मूर्तीसाठी वज्रलेपाहून अधिक केले असे माझे मत आहे.

आता साहित्याकडे येतो. राजाराम महाविद्यालयात १९२८ ते १९३९ या काळात माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, शिकवीत होते. फारसीचा एवढा व्यासंगी दुसरा मराठी कवी नाही. १९२५ मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश आला. गझलेला मराठीत त्यांनी घर दिले. त्यांच्या सुरुवातीच्या कवितेत फारसी शब्द मोकळेपणी वावरतात. हेच माधवराव पुढे भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते झाले. १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' प्रसिद्ध झाले. एवढ्यावर न थांबता त्यांनी आपल्याच जुन्या कवितांवर हात फिरवला आणि परके वाटू लागलेले शब्द काढून तिथे संस्कृतोद्भव शब्द बसवले. कवीला स्वतःच्या कवितेवर हा हक्क नसेल तर कोणाला असणार? ते मान्य. पण मला ते काम नेहमी लेपाचे वाटत आले आहे. त्या कवितांचे बूड गळत नव्हते. शब्द झिजले नव्हते, कवीची त्यांच्याविषयीची भावना बदलली होती. आणि भावना बदलली म्हणून भांडे घासायला घेतले की तांबे निष्कारण जाते.

याच माधवरावांचे दुसरे काम मात्र बूड बदलण्याच्या जातीचे आहे, आणि गंमत म्हणजे ते त्याच वर्षांतले आहे. 'छंदोरचना' प्रथम १९२७ मध्ये निघाली होती. दहा वर्षांनी, १९३७ मध्ये, त्यांनी तिची नवी आवृत्ती काढली. ती केवळ सुधारलेली नव्हती, मूळ मांडणीच नव्याने उभी केलेली होती. पहिल्या ग्रंथाला जे वजन पेलवत नव्हते ते दुसऱ्याला पेलले. या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. एकाच माणसाच्या हातून, एकाच दशकात, एकाच गावात दोन्ही जातींची दुरुस्ती झाली! विद्यार्थ्यांनी शक्य असेल तर दोन्ही ठिकाणचे आधीचे आणि नंतरचे पाठ समोरासमोर ठेवून वाचावेत. पाठचिकित्सेवरच्या माझ्या दहा तासिकांपेक्षा त्यातून अधिक कळेल. (जाता जाता, शुद्धीच्या कैवाऱ्यांसाठी एक गोष्ट. न्हाणीघरात घंगाळाची जागा जिने घेतली ती बादली पोर्तुगीजांकडून आलेली आहे. तिला बाहेर काढण्याचे अजून कोणाच्या मनात आलेले नाही.)

मुलीच्या प्रस्तावाकडे मी अद्याप वळलो नाही, कारण मला तो सर्वांत अवघड गेला. मोडीत घालणे आणि सांधणे या दोहोंमध्ये तो मधला, शहाणा मार्ग दिसतो. भांडे वाचते, घर शोभते, पाहुणे विचारतात. लॅकरमुळे हवा लागत नाही, तांबे काळे पडत नाही, घासावे लागत नाही आणि म्हणून झिजतही नाही. एवढे सगळे खरे असून माझे मन त्याला तयार होईना. लॅकर दिलेल्या घंगाळात कढत पाणी ओतता येत नाही, लेप फुटतो. म्हणजे ते कायम राहावे म्हणून आपण त्याचे काम काढून घेतो. मोडीत गेलेले तांबे वितळते आणि कुठेतरी पातेले, तार, निदान एखादी कडी होऊन पुन्हा राबते. दिवाणखान्यातले घंगाळ कोणाच्याच उपयोगी नसते; ते आपल्या अभिरुचीची जाहिरात करते.

हे मी मुलीला ऐकवले तेव्हा तिने शांतपणे विचारले, "बाबा, तुम्ही अभ्यासक्रमात वेगळं काय करता?" उत्तर सुचले नाही. अभ्यासमंडळावर असताना मी स्वतः जुन्या ग्रंथांचे वेचे निवडले आहेत. लीळाचरित्रातल्या चार लीळा, बखरीतली दोन पाने, एखादे आख्यान, खाली शब्दार्थ. विद्यार्थी शब्दार्थ पाठ करतो, आठ गुणांचे उत्तर लिहितो आणि पुस्तक मिटतो. पाकळ्या घातलेले पाणीच ते. त्या भाषेने त्याच्या अंगाला स्पर्श केलेला नसतो. ती झिजत नाही कारण तिला कोणी हात लावत नाही. मराठीच्या अभिजातपणाचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला त्याचा आनंद मलाही आहे. पण त्या दिवसापासून मला लॅकरचा वास थोडा अधिक येऊ लागला आहे, हेही नमूद करतो.

बूड बदलण्यावर एक आक्षेप माझ्या एका सहकाऱ्याने घेतला, आणि तो तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक असल्यामुळे आक्षेप तसाच होता. आज बूड बदलले, उद्या कड्या बदलल्या, परवा काठ. मग हे पणजीचे घंगाळ कसे? त्याने मिलिंदपन्होतला रथ काढला. नागसेन राजाला विचारतो, की चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय. आणि शेवटी रथ हे केवळ एक नाव उरते. मी त्याला आमच्या वाकळेकडे बोट दाखवले. दर चार-पाच वर्षांनी तिला नवे पटकूर लागते, आतले जुने लुगडे तसेच राहते, आणि घरात कोणी विचारत नाही की ही तीच वाकळ का. जिला रोज कोणीतरी पांघरते ती वाकळ तीच असते. सहकाऱ्याचे समाधान झाले नाही. तत्त्वज्ञांचे व्हायचेही नसते.

पण नावाचा मुद्दा निघाला म्हणून मी घंगाळाचा काठ पुन्हा नीट पाहिला. जुन्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालीत. आमच्या घंगाळावर पणजीचे सासरचे नाव आहे आणि शके १८५३. घंगाळ रुखवतात आलेले, म्हणजे माहेरचे. नाव मात्र सासरचे. लग्नात तिचे नाव बदलले गेले, आणि माहेरचे नाव काय होते हे आज आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. आत्याला विचारले. तिने डोळे मिटून बराच वेळ आठवून पाहिले आणि म्हणाली, "कुणी कधी हाकच मारली न्हाई त्या नावानं." बूड बदलण्यावर एवढा काथ्याकूट करणाऱ्या आमच्या घराने एक अख्खे माणूस काठासकट बदलून घेतले होते, आणि त्याबद्दल चार पिढ्यांत एकही बैठक झाली नव्हती. मोडीच्या आकड्यात या ठिपक्यांना किंमत नाही. दिवाणखान्यात त्यांना कौतुक आहे. मला त्यांची लाज वाटली, आणि म्हणूनच तो काठ रोज कोणाच्या तरी हाताखाली असावा असे वाटले.

या सगळ्याला आमच्या गावात एक मोठी, जळजळीत पार्श्वभूमी आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभे केलेले ते नाट्यगृह. एका रात्रीत रंगमंच, छत, लाकूडकाम गेले आणि काही भिंती उरल्या. रस्त्यावर उभे राहून म्हातारी माणसे रडताना मी पाहिली आहेत. लगेच मागणी झाली, की ते जसे होते तसेच उभारा. मीही त्या मागणीत होतो. आज थोडे थांबून विचारतो, की जसे होते म्हणजे कोणत्या वर्षी होते? १९१५ मधले, की आगीआधीच्या नूतनीकरणानंतरचे? इथे सांधायला काठ फार थोडा उरला आहे. बरेचसे नवेच घडवावे लागणार, आणि ते नवे आहे हे लपवू नये. दर्शनी भाग जुन्यासारखा झाला की आपण समाधान मानू अशी मला भीती वाटते. तिथल्या शेवटच्या ओळीत बसून पडद्याआडच्या नटाचा श्वास ऐकू येत असे, तो पुन्हा येतो की नाही यावर माझा निर्णय ठरेल. परवडणाऱ्या भाड्यात हौशी संघाला तारीख मिळते की नाही, यावरही.

घंगाळाबरोबरचा बंब मात्र मी मोडीत घातला. हे ऐकून काही मित्र चकित झाले. पण त्याची मधली नळी, ज्यात जाळ करायचा ती, जळून चाळण झाली होती. बंबफोड आणायचा कुठून हा प्रश्न होता. आणि नव्या बंदिस्त न्हाणीघरात लाकूड जाळणे म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला धुरात कोंडणे. ज्याचे काम करणेच घातक झाले त्याला निरोप द्यावा. त्याचे दुःख झाले, वजन बरे भरले.

घंगाळाचे बूड बदलून आले आहे. नवा पत्रा लालसर गुलाबी आणि जुना काठ तपकिरी. सांध्याची दातेरी रेघ सगळ्या अंगाभोवती स्पष्ट दिसते. तांबटाने विचारले होते, की घासून एकसारखे करून देऊ का. मी नको म्हटले. पोचाही तसाच ठेवायला सांगितला. त्याला ते पटले नाही, पण त्याने ऐकले. आत्याचे गुडघे आता पाटावर बसू देत नाहीत, म्हणून गवंड्याकडून दीड फूट उंचीचा कट्टा बांधून घेतला आणि घंगाळ त्यावर ठेवले. शेजारी ती खुर्चीवर बसते. पहिल्या दिवशी तिने पाण्यात हात घालून पाहिला, बाहेर उभ्या असलेल्या मला हाक मारली आणि म्हणाली, "विसण कमी पडलंय."